अंधूक, पण तारखेचे: वनहक्काच्या कामात कोपर्निकस ब्राउझर

युरोपीय संघाच्या कोपर्निकस कार्यक्रमातील उपग्रहांनी टिपलेली चित्रे कोणालाही विनामूल्य पाहता आणि उतरवून घेता यावीत, यासाठी ‘कोपर्निकस ब्राउझर’ ही सेवा २०२३ पासून उपलब्ध आहे. शेती, हवामान आणि पर्यावरणाच्या अभ्यासकांनी तिच्याविषयी पुष्कळ लिहिले आहे; हा अभिप्राय मात्र त्यांच्यासाठी नाही. नागपुरात बसून गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा जिल्ह्यांतील वनहक्काच्या (म्हणजे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली वनजमिनीवरील हक्काच्या) दाव्यांची कागदपत्रे जुळवणाऱ्या, फेटाळलेल्या दाव्यांची अपिले लिहिणाऱ्या आणि वेळ पडल्यास उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जाणाऱ्या आमच्यासारख्यांना ही सेवा कितपत उपयोगी पडते, एवढाच प्रश्न मी येथे घेतला आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. चित्राच्या स्पष्टतेत ही सेवा गुगल अर्थच्या जवळपासही जात नाही. परंतु तिच्यातील प्रत्येक चित्राला ठाम तारीख असते आणि त्याच जागेचे पुढचे चित्र पाच दिवसांत येते, या दोन गुणांमुळे हक्कांच्या कामात मी आधी तीच उघडते.

सेवेचा मुख्य आधार म्हणजे सेंटिनेल-२ मालिकेतील उपग्रह. पहिला जून २०१५ मध्ये सोडला गेला, दुसरा मार्च २०१७ मध्ये, आणि आता सप्टेंबर २०२४ मध्ये सोडलेला तिसराही कामाला लागला आहे. दृश्य प्रकाशापासून लघुतरंग अवरक्तापर्यंत १३ पट्ट्यांत ते जमीन टिपतात. विदर्भावरून त्यांची फेरी सकाळी अकराच्या आसपास होते. सर्वांत बारीक पट्ट्यांत चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद तुकडा असतो. एवढ्या ठिपक्यात झोपडी ओळखू येत नाही, बैलगाडी दिसत नाही, माणूस तर नाहीच. जंगलात नव्याने मोकळी झालेली जमीन, कच्चा रस्ता, जळालेला पट्टा, तलावाचे वाढलेले पाणी आणि खाणीचा उघडा डोंगर मात्र स्वच्छ दिसतो, आणि आमचे निम्मे वाद याच गोष्टींचे असतात.

मानवी हक्कांच्या कामात उपग्रहचित्रे कशी वापरली गेली, याकडे थोडे पाहिले म्हणजे तारखेला मी एवढे महत्त्व का देते हे कळेल. झिम्बाब्वेमध्ये २००५ साली सरकारने शहरांतील वस्त्या पाडण्याची मोहीम काढली. संयुक्त राष्ट्रांच्या दूत अॅना तिबायजुका यांच्या अहवालानुसार सुमारे ७ लाख लोकांनी घर, उपजीविका किंवा दोन्ही गमावले. राजधानी हरारेजवळच्या पोर्टा फार्म या वस्तीची २००२ आणि २००६ मधील चित्रे अमेरिकेतील विज्ञानवर्धन संघटनेने शेजारी ठेवून तपासली आणि ८५० हून अधिक बांधकामे नाहीशी झाल्याचे मोजून दाखवले. अॅम्नेस्टी इंटरनॅशनल आणि झिम्बाब्वेतील मानवी हक्क वकिलांच्या संघटनेने ती चित्रे पुढे आणली, तेव्हा वाद ‘वस्ती होती की नव्हती’ यावरून सरकून ‘कोणी पाडली आणि कोणत्या अधिकाराने’ यावर गेला. एक चित्र आधीचे आणि एक नंतरचे, दोन्हींवर तारीख. सारी युक्ती एवढ्यात होती.

म्यानमारच्या राखाइन प्रांतात हीच पद्धत अधिक सूक्ष्मपणे वापरली गेली. ऑगस्ट २०१७ नंतर तेथील किती रोहिंग्या गावे जाळली गेली, हे ह्यूमन राइट्स वॉचने चित्रांवरून मोजत नेले आणि डिसेंबरपर्यंत हा आकडा ३५४ वर गेला. त्यांतील काही चित्रांत रोहिंग्यांची वस्ती राख झालेली आणि तिला लागून असलेली दुसऱ्या समाजाची वस्ती जशीच्या तशी उभी, असे दिसत होते. वाऱ्याने पसरलेली आग एवढी निवड करीत नाही. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये निदान ५५ गावांच्या जागेवरून बुलडोझर फिरवून घरांचे अवशेष आणि झाडेसुद्धा साफ केल्याचे आढळले. जमिनीवरचा पुरावा गेला, पण आधीच्या तारखांची चित्रे संग्रहात राहिली होती. नियमित येणाऱ्या, कोणीही न मागितलेल्या चित्रांची खरी किंमत अशा वेळी कळते, कारण आग लागण्याआधी त्या गावाचे चित्र मागवण्याचे कोणालाच सुचलेले नसते.

आता आपल्याकडे येते. कोपर्निकस ब्राउझर उघडून खाते काढले, डावीकडच्या दिनदर्शिकेत तारीख निवडली, ढगांची मर्यादा २० टक्क्यांच्या खाली ठेवली आणि नकाशा गडचिरोलीवर सरकवला की जंगल गडद हिरवे, धानाच्या बांध्या फिकट आणि तलाव काळेभोर दिसू लागतात. पलीकडे ‘फॉल्स कलर’ हा थर निवडला तर जिवंत हिरवळ लाल होते आणि मोकळी जमीन निळसर-करडी पडते. जंगलाची कड वाचायला हा थर सर्वांत सोयीचा आहे. दोन तारखांची चित्रे एकावर एक ठेवून मधली रेघ सरकवण्याची सोय तुलनेच्या कप्प्यात आहे. एका वयस्क दावेदाराला आम्ही हा पडदा दाखवला, तेव्हा त्यांना आपले वावर काही केल्या ओळखू येईना. जमिनीवरून आयुष्यभर पाहिलेली जागा आकाशातून अनोळखी वाटणे स्वाभाविकच आहे. मग त्यांनी पडद्यावरच्या एका काळ्या ठिपक्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, “मॅडम, थे काळं दिसते ना, थे आमची बोडी आहे. बोडीच्या पाळीपासून मोजा.” बोडी म्हणजे शेतातला लहान तलाव. तिच्या पाळीपासून, म्हणजे बांधापासून, मोजत गेल्यावर जबरानजोतीचा, म्हणजे वनजमिनीवर कसलेला, तुकडा सापडला, आणि नकाशावर ज्या जागी आम्ही तो आधी धरला होता त्याहून तो बराच पूर्वेला निघाला. पूर्व विदर्भात बोड्या आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव पावलोपावली आहेत आणि दहा मीटरच्या चित्रातही ते हमखास दिसतात, म्हणून दावेदाराला आधी पाणी दाखवावे आणि मग वावराकडे यावे, ही पद्धत मी आता सर्वांना सांगते.

मात्र वनहक्काच्या वैयक्तिक दाव्यात सर्वांत कळीचा दिवस १३ डिसेंबर २००५ हा आहे. त्या दिवसापूर्वी जमीन ताब्यात होती असे दाखवायचे असते, आणि सेंटिनेल-२ तर २०१५ मधला. त्यामुळे ज्या प्रश्नासाठी लोक ही सेवा उघडतात, त्याच प्रश्नाचे उत्तर तिच्याजवळ नाही. जुन्या काळासाठी अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेकडे वळावे लागते. तिची चित्रे १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून विनामूल्य झाली आहेत. दुर्दैव असे की नेमका २००५ चा हिवाळा या मालिकेला वाईट गेला. लँडसॅट-७ मधील चित्ररेषा सरळ करणारे यंत्र मे २००३ मध्येच बंद पडले होते, त्यामुळे त्यानंतरच्या प्रत्येक चित्रात तिरके काळे पट्टे आहेत आणि साधारण २२ टक्के भाग रिकामा आहे. चित्राच्या मध्यावर हे पट्टे जवळजवळ नाहीसे होतात, कडेला रुंद होत जातात. म्हणजे तुमचे गाव चित्राच्या मध्यावर आले तर नशीब, कडेला आले तर वावर पट्ट्यात गेले. त्याचा जोडीदार लँडसॅट-५ नोव्हेंबर २००५ च्या अखेरीस सौरपंख फिरवणाऱ्या यंत्रणेच्या बिघाडामुळे थांबला, तो जानेवारी २००६ च्या शेवटी पुन्हा सुरू झाला. कायद्याने धरलेला दिवस या खंडाच्या ऐन मध्यावर पडतो. त्या हिवाळ्यासाठी भारतीय उपग्रहच अधिक कामाचे आहेत, कारण ऑक्टोबर २००३ मध्ये सोडलेला रिसोर्ससॅट-१ तेव्हा काम करीत होता आणि त्यावरील लिस-४ कॅमेऱ्याचा ठिपका ५.८ मीटरचा होता. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडून असे जुने चित्र मागवणे हा थोडा खटपटीचा, पण योग्य मार्ग आहे.

ठिपक्याच्या आकाराचा हिशेब प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा कागदावर मांडून पाहावा. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. लँडसॅटचा ठिपका ३० मीटरचा, म्हणजे ९०० चौरस मीटर; एका एकरात असे साडेचार ठिपकेही पुरे बसत नाहीत, आणि जे बसतात त्यांतील बहुतेक निम्मे वावरावर, निम्मे शेजारच्या जंगलावर पडतात. रिसोर्ससॅट-१ वरीलच लिस-३ कॅमेऱ्याच्या २३.५ मीटरच्या ठिपक्याने हिशेब केला तर एकराला सातेक ठिपके येतात. सेंटिनेल-२ मध्ये तेच ४० होतात. आमच्या भागातील जबरानजोत करणारा शेतकरी वावरातली मोहाची आणि चाराची (चारोळीची) झाडे कधी तोडत नाही. मोहाची दोन मोठी झाडे आणि धुऱ्यावरची झुडपे एवढ्यावरच तीस मीटरचा ठिपका ‘जंगल’ म्हणून मोजला जाऊ शकतो. तेव्हा २००५ च्या ढोबळ चित्रात हिरवे दिसले म्हणून त्या जागी शेती नव्हती, असा निष्कर्ष काढणे विज्ञानाला धरून नाही. चित्रात मोकळी जमीन दिसली तर तो दावेदाराच्या बाजूचा चांगला आधार असतो, पण दिसली नाही तर त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. हा एकतर्फीपणा ज्याला समजला नाही, त्याच्या हातात हे साधन देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कायद्यानेही हे ओळखले आहे. वनहक्क नियमांत २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार नियम १२-अ मध्ये असे म्हटले आहे की उपग्रहचित्रे आणि इतर तंत्रज्ञान दावेदाराच्या पुराव्याला पूरक म्हणून वापरता येईल, परंतु त्याने दिलेल्या इतर पुराव्यांची जागा ते घेऊ शकणार नाही. नियम १३ मध्ये जुन्या शासकीय नोंदी, घर, बांध, विहीर यांसारख्या जमिनीवरच्या खुणा आणि गावातील वडीलधाऱ्यांचे जबाब हे सारे पुरावे म्हणून मोजले आहेत. केवळ उपग्रहचित्रावर विसंबून दावे नाकारता येणार नाहीत, ही भूमिका गुजरात उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये घेतली. तरीही फेटाळणीच्या आदेशांत ‘उपग्रह प्रतिमेत शेती आढळत नाही’ हे एकच वाक्य कारण म्हणून वाचायला मिळते, आणि ते चित्र कोणत्या उपग्रहाचे, कोणत्या तारखेचे, किती मीटरच्या ठिपक्याचे, याचा त्यात पत्ता नसतो. अशा आदेशाविरुद्ध अपील लिहिताना पहिली मागणी हीच करावी, की चित्राचा तपशील द्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळल्या गेलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला तो स्थगित केला. १३ फेब्रुवारीच्या त्या आदेशात भारतीय वन सर्वेक्षणाला उपग्रहाद्वारे पाहणी करण्यासही सांगितले होते. चित्र दोन्ही बाजूंच्या हातात आहे, हे विसरून चालणार नाही. बिगर-आदिवासी पारंपरिक वननिवासींना तर तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवायचे असते. २००५ मधून ७५ वजा करा. १९३० साली आकाशात उपग्रह नव्हते. तेथे निस्तारपत्रक (गावाच्या जळण-चराईसारख्या हक्कांची जुनी नोंद), जुने बंदोबस्ताचे कागद आणि म्हाताऱ्या माणसांचे बोलणेच उपयोगी पडते.

मग कोपर्निकसचा उपयोग कुठे? २०१५ नंतरच्या प्रत्येक गोष्टीसाठी. दावा प्रलंबित असताना उभे पीक उखडले गेले, रोपवनाच्या नावाखाली वावरात खड्डे खणले गेले, तलावाचे पाणी ठरल्यापेक्षा वर चढून पुनर्वसनाआधीच शेत बुडाले, सामूहिक वनहक्क मिळालेल्या जंगलात ग्रामसभेला न विचारता रस्ता काढला गेला, अशा तक्रारींत ‘हे केव्हा झाले’ हा प्रश्न निर्णायक असतो आणि पाच-दहा दिवसांच्या अंतराने येणारी चित्रे तो वाद बहुधा एका पंधरवड्याच्या आत आणून बांधतात. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्यानंतर विदर्भातील अनेक ग्रामसभा आपल्या जंगलाच्या व्यवस्थापनाच्या योजना स्वतः करू लागल्या आहेत. अशा ग्रामसभेने दर हिवाळ्यात आपल्या हद्दीचे एक चित्र उतरवून फाइलला लावून ठेवले, तर भांडण उभे राहण्याआधीच पुरावा तयार असतो. याला खर्च शून्य आहे.

चित्र वाचताना विदर्भाच्या जंगलाची चाल ठाऊक नसेल तर मोठी फसगत होते. आपले जंगल सागाचे, मोहाचे आणि ऐनाचे, म्हणजे पानगळीचे. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये झाडे उघडी पडतात आणि हिरवळीचा निर्देशांक असा घसरतो की एखाद्या नवख्याला शेकडो हेक्टर जंगल तोडले गेले असे वाटावे. शिवाय मोह वेचण्याच्या दिवसांत झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्याचे काळे डाग लघुतरंग अवरक्त थरात ठळक उमटतात. नोव्हेंबरचे चित्र मार्चच्या चित्राशी ताडून पाहणे म्हणूनच निरर्थक आहे. नोव्हेंबर नोव्हेंबरशीच लावावा, आणि तोही एका वर्षाचा नव्हे, निदान तीन-चार वर्षांचा. सेवेत एखाद्या तुकड्याचा वर्षानुवर्षांचा हिरवळीचा आलेख काढता येतो. पानगळ असेल तर त्यात दर वर्षी तीच दरी दिसते, तोड झाली असेल तर एका वर्षापासून पुढे शिखरच येत नाही. हा आलेख मला या सेवेतील सर्वांत मोलाची सोय वाटते, चित्रांपेक्षाही. समितीपुढे बसलेल्या अधिकाऱ्याला रंगीत चित्रावर शंका घेता येते, पण आठ वर्षांच्या रेषेकडे पाहून तो निदान प्रश्न तरी विचारतो.

पावसाळ्यात मात्र सेवा आपल्याला सोडून जाते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत गडचिरोलीवर ढग असतात आणि अतिक्रमण हटवण्याच्या कारवाया, पुराचे नुकसान, खरिपाची मोडतोड नेमकी याच काळात होते. यावर सेंटिनेल-१ हा रडार असलेला उपग्रह उपाय आहे. तो ढगांतून पाहतो आणि रात्रीही पाहतो. पूर आणि साचलेले पाणी त्यात काळे दिसते आणि सहज ओळखता येते. जंगलातला छोटा तुकडा ओळखणे मात्र त्यात अनुभवी माणसालाही जड जाते, आणि ते करडे, दाणेदार चित्र ग्रामसभेत दाखवून कोणाला काही समजत नाही. पाण्यासाठी ते वापरावे. एरवी ऑक्टोबरची वाट पाहावी.

तुलनेसाठी इतर सेवांविषयी थोडक्यात. गुगल अर्थ प्रो २०१५ पासून विनामूल्य आहे आणि त्यातील जुन्या चित्रांची पट्टी फारच कामाची आहे. घर, गोठा, विहीर, धुरा सारे दिसते आणि दावेदारालाही आपली जागा लगेच ओळखता येते. पण चांगली चित्रे केव्हाची आहेत हे योगायोगावर असते, दोन चित्रांमध्ये चार-चार वर्षांची दरी असू शकते, आणि फार दूरून पाहताना दिसणारी जुनी वर्षे ही पुष्कळ चित्रे शिवून केलेली असतात, त्यांवर एक दिवस असा नसतोच. फोनवरच्या नकाशातले उपग्रहदृश्य तर तारखेशिवायच येते. तेच छापून दाव्याला जोडणारे लोक अजून भेटतात. इस्रोचे भुवन ऑगस्ट २००९ पासून सुरू आहे आणि भारतीय उपग्रहांची चित्रे पाहण्यासाठी ते जवळचे. २०२३ च्या भारतीय अंतराळ धोरणाने ५ मीटर आणि त्याहून ढोबळ चित्रे खुली करण्याचे ठरवले आहे, त्यामुळे पुढच्या काळात भारतीय चित्रांचा आधार वाढेल अशी आशा आहे. विकतच्या चित्रांबद्दल मात्र सावध करते. ३० सेंटिमीटरच्या ठिपक्याचे चित्र पाहून कोणालाही मोह होतो, पण आम्ही एका खासगी विक्रेत्याकडून घेतलेले महागडे चित्र फक्त रंगीत फाइल म्हणून हाती आले. घेतल्याची वेळ, उपग्रहाचे नाव, कोन यांचा तपशील मागून मागून थकलो आणि अखेर ते प्रकरणात जोडलेच नाही.

जोडण्याच्या बाबतीत वकिलांनी लक्ष द्यावे असा मुद्दा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करताना दोन भागांचे प्रमाणपत्र लागते, एक ते सादर करणाऱ्याचे आणि दुसरे तज्ज्ञाचे, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे पडताळता येणारा तिचा अंकी ठसा) द्यावे लागते. पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवलेले चित्र या कसोटीला उतरण्याची आशा करू नये. ब्राउझरमधून चित्र उतरवताना तारीख आणि स्रोत असलेली ओळ चित्रावर येऊ द्यावी, त्याबरोबर मूळ माहितीची फाइलही उतरवावी, दोन्हींचे हॅश त्याच दिवशी काढून वहीत लिहावे आणि मूळ फाइलला पुन्हा हात लावू नये. मोजमाप करताना आणखी एक खाचखळगा: नागपूर, भंडारा, गडचिरोली हा भाग मोजणीच्या जागतिक (यूटीएम) पट्ट्यांपैकी ४४ क्रमांकात येतो, पण मेळघाट ४३ मध्ये जातो. एकाच सवयीने दोन्हीकडे क्षेत्रफळ काढले की आकडे बिघडतात.

चित्र काय सांगत नाही, हे समजणे तितकेच आवश्यक आहे. एटापल्ली तालुक्यातील सूरजागडचा डोंगर वर्षावर्षाच्या चित्रांत पाहिला तर लोहखनिजाच्या खाणीची उघडी लाल जमीन कशी पसरत गेली ते कोणालाही दिसेल. त्यासाठी ग्रामसभांची संमती कशी घेतली गेली, कोणाचा निस्तार बंद झाला, कोण रोजगाराला लागले, यांतले अक्षरही चित्रात नाही. बोस्नियातील स्रेब्रेनिकाच्या हत्याकांडानंतर १० ऑगस्ट १९९५ रोजी संयुक्त राष्ट्रांतील अमेरिकेच्या राजदूत मॅडेलिन अल्ब्राइट यांनी सुरक्षा परिषदेत हवाई छायाचित्रे दाखवली, त्यांत नुकतीच उकरलेली माती दिसत होती. ती सामूहिक दफनाची जागा आहे हे पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या पथकांनी फावडी लावून उत्खनन केले तेव्हा सिद्ध झाले, आणि वाचलेल्यांच्या साक्षींनी त्याला अर्थ दिला. चित्राने फक्त कुठे खणायचे ते सांगितले. आमच्या कामातही चित्रावरून कुठे चालत जायचे ते ठरवावे. पंचनामा आणि जबाब तेथे गेल्यावरच होतात.

सुरक्षिततेचा विषय लोक टाळतात, पण गडचिरोलीत काम करणाऱ्यांनी टाळू नये. सुदानमधील सॅटेलाइट सेंटिनेल प्रकल्पाने (सेंटिनेल उपग्रहांशी याचा संबंध नाही) डिसेंबर २०१० पासून चित्रांच्या आधारे हल्ल्यांचे इशारे जाहीर करायला सुरुवात केली आणि हेतू निःसंशय चांगला होता. जानेवारी २०१२ मध्ये दक्षिण कोर्दोफानमधील एका रस्त्याच्या कामाविषयीचा इशारा प्रसिद्ध झाला आणि लगोलग बंडखोरांनी तेथील रस्तेबांधणीच्या छावणीवर हल्ला करून २९ चिनी कामगारांना ओलीस धरले. दोन्हींचा संबंध सिद्ध झालेला नाही; पण आपण जाहीर केलेले चित्र दुसरे कोण वाचते, हा प्रश्न प्रकल्पातील संशोधकांनीच पुढे उघडपणे मांडला. दावेदाराच्या वावराचे अक्षांश-रेखांश, वस्तीकडे जाणाऱ्या पायवाटा किंवा ग्रामसभेने राखलेल्या मोहाच्या जागा समाजमाध्यमांवर टाकण्याचे काहीच कारण नाही. ब्राउझरमध्ये खुणा जतन करतानाही दावेदाराचे नाव न लिहिता प्रकरणाचा क्रमांक लिहावा.

उणिवांची यादी करायची झाली तर मराठी किंवा हिंदी मांडणी नसणे ही सर्वांत मोठी. थरांची नावे इंग्रजी, मदतपाने इंग्रजी, आणि वनहक्क समितीचा सचिव बहुधा दहावी-बारावी शिकलेला तरुण. हुशार मुले दोन तासांत शिकतात हे खरे, पण त्यांना शिकवणारे कोणी तरी जवळ असावे लागते. फोनच्या पडद्यावर सेवा उघडते, काम मात्र संगणकावरच होते. गावांच्या हद्दी आणि वनकक्षांच्या सीमा तीत नाहीत, त्या आपण बाहेरून आणून बसवाव्या लागतात. या बाबतीत नागपूरकरांनी तक्रार करू नये, कारण महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र येथेच आहे, राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राची मध्य भारतासाठीची प्रादेशिक शाखा येथे आहे आणि मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्थाही अमरावती रस्त्यावर आहे. चित्र वाचू शकणारी इतकी माणसे एका शहरात क्वचितच असतील. विधी महाविद्यालये आणि या संस्था यांच्यात मात्र जाणे-येणे जवळपास नाही, आणि तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राची गरज आता कायद्यानेच निर्माण केल्यावर तरी ते सुरू व्हायला हवे.

ज्यांना नव्याने शिकायचे आहे त्यांनी पहिले चित्र गडचिरोलीचे उघडू नये. नोव्हेंबरातील निरभ्र दिवसाचे नागपूरचे चित्र घेऊन गोरेवाड्याचे जंगल, अंबाझरीचा तलाव आणि हिंगणा रस्त्याकडची नवी बांधकामे ओळखून पाहावीत, प्रत्येक अंदाज वहीत लिहावा आणि येत्या रविवारी दुचाकीने जाऊन तो तपासावा. फॉल्स कलर थरात जे लाल दिसले ते जंगल होते, संत्र्याची बाग होती की तलावावर पसरलेली जलपर्णी होती, हे चार ठिकाणी स्वतः उभे राहून पाहिल्याशिवाय दुसऱ्याच्या वावराविषयी शपथपत्रावर काही लिहू नये.